न खपलेली तिकिटं

परळ नाक्याला, औषधांच्या दुकानाच्या कडेला
माझं घडीचं टेबल, एक स्टूल, एक छत्री.
दोरीवर चिमट्यांनी टांगलेली तिकिटं.
लांबून बघणाऱ्याला वाटावं
बाहुलीचे कपडे वाळत घातलेत.

तिकीट कुणी नुसतं मागत नाही.
आधी वरून खाली बघतात, मग खालून वर,
दोन आकडे ओठांत घोळवतात
आणि मधलंच एक ओढतात.
वरचं म्हणे दुसऱ्याच कुणाच्या नशिबाचं असतं.
बेरीज नऊ यायला हवी. शेवटी शून्य नको.
पोराची जन्मतारीख, मावशीच्या खोलीचा नंबर,
मेलेला सासरा स्वप्नात बोटं दाखवून गेला
तर तेवढी बोटं.
एकाच्या सासऱ्याला त्या हाताला चारच होती.
त्यानं दोन दिवस विचार केला.

सहस्रबुद्धे मास्तर दर गुरुवारी
मला गणित समजावून सांगतात.
"घाडीबाई, दहा लाख तिकिटं, पहिलं बक्षीस एक.
त्यापेक्षा ह्या क्षणी तुमच्या डोक्यात
नारळ पडण्याची शक्यता जास्त."
मी वर बघते. वर पूल आहे, माड कुठला?
मास्तर चष्मा पुसतात. इकडंतिकडं बघतात.
"ते... शेवटी सात असलेलं तेवढं द्या."

आणि फाइल काखेत धरून
हॉस्पिटलच्या गेटातून रस्ता ओलांडून येणारे.
पहिलं बक्षीस किती, हे ते विचारत नाहीत.
विचारतात, लगेच हातात किती मिळतं?
मी सांगते, दहा हजारांपर्यंत लगेच,
वरचं मोठ्या ऑफिसात. अर्ज, फोटो, पासबुक,
कर कापून, महिने लागतात.
ते मनातल्या मनात महिने मोजतात.
काही जण मग घेत नाहीत.

चारला सोडत.
तीन वाजले की डेपोवाला शिल्लक परत घेत नाही,
दोरीवर उरलं ते माझं.
पोरं सांगतात, आई लॉटरी विकते.
खरं तर ह्या नाक्यावर
माझ्याइतकी लॉटरी कुणीच खेळत नाही.
वीस वर्षं, रोज,
आणि तेही कुणी हात न लावलेल्या नंबरांवर.
दोनदा शंभर लागले. एकदा उत्तेजनार्थ,
नंबर तोच, सीरिज वेगळी.
म्हणजे लक्ष्मी आली होती, बेल शेजारची वाजवली.

मयेकरांचं सांगायचं राहिलं.
मयेकर लिफ्टमन, पलीकडच्या टॉवरात.
दिवसभर लोकांना वर पोचवतात आणि रिकामे खाली येतात.
निकालाचा कागद मी लावला की
पहिलाच आकडा बघतात,
जुळला नाही की तिकिटाचे चार तुकडे, माझ्या पायाशी.
त्या बुधवारी झाडताना मी ते जुळवून बघितले.
सवय, दुसरं काही नाही.
शेवटचे चार आकडे बरोबर.
पाच हजार.

रात्री पोळपाटावर ठेवून चिकटपट्टी लावली,
वर वरवंटा ठेवला, सकाळपर्यंत.
डेपोतल्या पोरानं खिडकीतून यंत्र फिरवलं,
परत फिरवलं, उलटं करून फिरवलं.
"बारकोड फाटलाय, मावशी. नाही चालत."

मयेकरांना सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी नुसतं एक तिकीट काढून पुढं केलं.
"घ्या. आज पैसे नकोत."
ते हात भाजल्यासारखे मागं सरले.
"छे, घाडीबाई. फुकटचं लागत नाही."
खिशातून नाणी काढली, टेबलावर मोजून ठेवली,
वरून खाली बघितलं, खालून वर,
आणि मधलंच एक ओढलं.